चेंडू सारखा लेगला जातोय? अ‍ॅक्शनला हात लावण्याआधी एवढं तपासा

टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये गल्लीत नाव कमावलेला पोरगा सीझन बॉलच्या (म्हणजे लेदर बॉलच्या) नेटमध्ये आला की थोड्याच दिवसांत एक तक्रार हमखास येते: "सर, वेग आहे, पण सगळं लेगला, बॅट्समनच्या पायांच्या बाजूला जातंय." तोवर कुणीतरी त्याला सांगूनही टाकलेलं असतं, की तुझी अ‍ॅक्शनच चुकीची आहे, साइड-ऑन हो (अंग बाजूला वळवून टाक), हात कानाला लाव. मग पोरगा घरी आरशासमोर हात फिरवत बसतो. महिन्याभराने वेगही जातो आणि चेंडू लेगलाच जात राहतो.

हा बिघाड मी नेटवर पुन्हापुन्हा दुरुस्त केलाय. बहुतेक वेळा अ‍ॅक्शनपर्यंत जावंच लागत नाही. म्हणून खालचा क्रम फुकटच्या, दोन मिनिटांच्या तपासणीपासून सुरू होतो. क्रम मोडू नका. सगळं उजव्या हाताने, ओव्हर द विकेट (टाकणारा हात स्टंपच्या बाजूला ठेवून) टाकणाऱ्या फास्ट बॉलरबद्दल आणि समोर उजवा बॅट्समन धरून लिहिलंय. डावखुऱ्यांनी आरसा धरावा.

लक्षणं

- ओव्हरमधले दोन-तीन चेंडू लेग स्टंपच्या बाहेर. कीपर डावीकडे उड्या मारून वैतागलेला.
- लेगला जाऊ नये म्हणून जपून टाकला की चेंडू एकदम ऑफच्या बाहेर वाइड.
- चेंडू सुटल्यावर बॉलर पुढे बॅट्समनच्या दिशेने न जाता डावीकडे, कव्हरच्या बाजूला कलंडतो.
- मधूनच नो-बॉल, तोही लागोपाठ नाही, अवचित.
- पहिल्या दोन ओव्हर बऱ्या, तिसरीपासून गडबड.
- नेटनंतर कमरेत एकाच बाजूला दुखतं. उजव्या बॉलरला बहुधा डाव्या बाजूला.

शेवटचं लक्षण असेल तर मधलं काहीही करून बघू नका. थेट शेवटच्या भागावर जा.

टेनिसवाल्यांनाच हे जास्त का होतं? साधा टेनिस बॉल साठेक ग्रॅमच्या आत भरतो, लेदर बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा. म्हणजे वजन अडीच पटीहून जास्त. हलका चेंडू नुसत्या खांद्याच्या झटक्याने पळवता येतो, पाय आणि कंबर झोपलेली असली तरी चालतं. जड चेंडूला तोच झटका दिला की अंग त्याच्याबरोबर ओढलं जातं. त्यात टेनिसच्या मॅचमध्ये पायात यॉर्कर घालायची सवय लागलेली. तिथे ते शहाणपणच होतं, इथे तोच चेंडू जरा चुकला की फाइन लेगला चौका.

१. चकाकी कुठल्या बाजूला आहे?

हसू नका. टेनिस बॉलला चकचकीत बाजूच नसते, त्यामुळे या मुलांना चेंडू हातात घेऊन बघायची सवय नसते. कीपरकडून आला, पकडला, पळाले. लेदर बॉल नवा असताना चकाकीच्या उलट बाजूला वळतो. म्हणजे चकाकी तुमच्या डाव्या बाजूला ठेवलीत तर चेंडू उजवीकडे, बॅट्समनच्या पायांत जाणार. बॉलरला वाटतं हात चुकला. हात बरोबर असतो, चेंडू उलटा धरलेला असतो.

एक ओव्हर चकाकी उजवीकडे ठेवून, शिवण सरळ उभी, पहिली दोन बोटं शिवणीच्या दोन्ही अंगांना आणि अंगठा खाली शिवणीवर टेकवून टाका. चेंडू तळहातात रुतलेला नको, बोटांच्या पेरांवर हवा. टेनिसवाले हमखास मुठीत धरतात. लाइन सुधारली तर इथेच थांबा, पुढचं वाचायची गरज नाही.

२. चेंडू हातातून लेगला निघतो की हवेत वळून जातो?

हे बॉलरला स्वतःला कळत नाही. अंपायरच्या जागी कुणाला तरी उभं करा आणि त्याला फक्त एवढंच बघायला सांगा, की सुटताना चेंडूचं तोंड कुठे होतं. मिडल स्टंपवर निघून नंतर आत येत असेल, तर तुमच्याकडे नैसर्गिक इनस्विंग आहे. अभिनंदन. लोक वर्षानुवर्षं मेहनत करून तो शिकतात. इलाज एवढाच, की नेम ऑफ स्टंपच्या बाहेर हलवा. ऑफच्या बाहेर मनाने धरलेल्या पाचव्या-सहाव्या स्टंपवर सुरू करा आणि चेंडूला आत येऊ द्या. गुड लेंथच्या जरा अलीकडे, ऑफ स्टंपच्या बाहेर एक रुमाल टाका आणि त्यावर टाका.

इथे अ‍ॅक्शन ‘सुधारायला’ घेणारे कोच मी पाहिलेत. मनगट सरळ करायच्या नादात त्या पोराचा इनस्विंग गेला आणि आउटस्विंग काही आला नाही.

चेंडू हातातूनच लेगच्या दिशेने निघत असेल तर पुढे वाचा.

३. बूट

उजव्या बुटाचं टोक बघा. चेंडू टाकताना मागचा पाय जमिनीवरून घासत जातो, त्याने टोक झिजतं. पुढच्या टोकाला सारखी झीज असेल तर पाय सरळ ओढला जातोय. झीज एकाच बाजूला, शिलाई फाटेपर्यंत गेली असेल, तर पाय तिरका घासतोय, म्हणजे अंगही तिरकं जातंय. नेटमध्ये एक चेंडू न टाकता एवढं कळतं.

आणि मॅटवर एक बूट, टर्फवर दुसरा, ही चैन परवडत नसेल तरी निदान टर्फवर गुळगुळीत तळाचे बूट घालून पळू नका. पुढचा पाय घसरेल या भीतीने बॉलर आपोआप वजन मागे ठेवतो आणि चेंडू खांद्याने ढकलतो. कांगा लीग पावसाळ्यात, ओल्या मैदानावर होते. १९४८ पासून मुंबईच्या बॉलरांना तिथे पाय रोवायला शिकावं लागतंय. एरवी ठीक टाकणारा फक्त ओल्यात लेगला टाकत असेल तर दोष अ‍ॅक्शनचा नाही.

४. रनअप

माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणं इथेच मिटतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

टेनिसमध्ये रनअप म्हणजे जागा मिळेल तेवढी. गल्लीत आठ पावलं, मैदानात पंधरा. ठरलेला आकडा नसतो. मग क्रीजजवळ येईपर्यंत शेवटची दोन पावलं जुळवावी लागतात: एक लांब टाकायचं, नाहीतर एक चोरायचं. चोरलेल्या पावलावर उडी मारली की अंग हवेतच डावीकडे झुकतं. वर सांगितलेला अवचित नो-बॉलही इथूनच येतो.

करायचं असं. क्रीजवरून उलट दिशेला, बाउंड्रीकडे तोंड करून पळा. डोळे समोर, पाय मोजू नका. जिथे आपोआप उडी मारून टाकावंसं वाटेल तिथे टाका. मित्राने उडीनंतर पुढचा पाय पडला तिथे खूण करायची. असं पाच-सहा वेळा करा. खुणा जिथे दाट पडतील तेवढं अंतर टेपने मोजा. पावलांनी मोजू नका, संध्याकाळी दमल्यावर पावलं आखूड पडतात.

मग रनअपची दिशा. सुरुवातीच्या खुणेपासून क्रीजपर्यंत फक्कीची एक रेषा मारा आणि तिच्यावरून पळा. मिड-ऑफच्या बाजूने तिरके येत असाल तर सगळा जोर लेगच्या दिशेने चाललेला असतो, हात बिचारा काय करणार? उलट, अंपायरच्या मागून वळसा घालून येत असाल तर जोर डावीकडे जातो, अंग कलंडतं आणि चेंडू हातातून लेगला निसटतो. दोन्हीला औषध तेच, सुरुवातीची खूण हात-दोन हात सरकवा.

आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचं उदाहरण इथे द्यायलाच हवं. भारतीय संघातून बाहेर असताना तो २००६ मध्ये इंग्लंडमध्ये वूस्टरशरकडून काउंटी क्रिकेट खेळायला गेला. तिथे त्याने रनअप आखूड केला, आणि त्या मोसमात ७८ विकेट काढल्या. त्याआधी आणि त्यानंतर त्याला पाहिलेल्या कुणालाही तो झहीरच वाटला. दुरुस्ती झाली, ओळख तशीच राहिली.

५. पाय कुठे पडतात?

क्रीजवर ओली फक्की किंवा मऊ माती पसरा आणि पूर्ण जोरात सहा चेंडू टाका. मग खुणा बघा. मागचा पाय, पुढचा पाय आणि समोरचे स्टंप साधारण एका रेषेत यायला हवेत. पुढचा पाय त्या रेषेच्या डावीकडे पडत असेल, तर कंबर लवकर उघडते, अंग ऑफला जातं आणि चेंडू लेगला. उजवीकडे, म्हणजे आडवा पडत असेल, तर कंबर अडते आणि हात शरीराभोवतून ओढून आणावा लागतो. यात लाइन दोन्हीकडे फुटते आणि पाठीला मार बसतो तो वेगळाच.

रेषा म्हणजे दोरी नव्हे. बूटभर इकडेतिकडे चालतं. सहाही खुणा एकावर एक पडल्या असतील तर त्या जरा बाजूला असल्या तरी मी हात लावत नाही. सहा खुणा सहा ठिकाणी असतील तर आधी पुन्हा क्रमांक ४ वर जा.

नियमाचंही एक लक्षात ठेवा. पुढच्या पायाचा थोडा तरी भाग पॉपिंग क्रीजच्या, म्हणजे स्टंपच्या पुढच्या आडव्या रेषेच्या, मागे हवा, मग तो जमिनीवर टेकलेला असो की हवेत. मागचा पाय रिटर्न क्रीजच्या, म्हणजे बाजूच्या उभ्या रेषेच्या, आत पडायला हवा, तिला टेकताही कामा नये. रिटर्न क्रीज मधल्या स्टंपपासून १.३२ मीटरवर असते. काही पोरं कोन मिळावा म्हणून तिच्या अगदी कडेने टाकतात. तिथून मिडल स्टंपवर टाकलेला सरळ चेंडूही लेगला जाणार, ही भूमिती आहे. स्टंपजवळून टाका, निम्मा प्रश्न सुटेल.

खोड की शैली?

इथून पुढच्या तपासण्या शरीराच्या आहेत, म्हणून हे आधी ठरवून घ्या.

नियमाला सौंदर्याशी देणंघेणं नाही. पाय कुठे पडले आणि कोपर किती सरळ झालं एवढंच तो विचारतो. श्रीलंकेचा लसिथ मलिंगा गॉलजवळच्या किनाऱ्यावर सॉफ्ट बॉलने खेळत वाढला, त्याचा हात जवळजवळ आडवा यायचा. त्याच हाताने त्याने २००७ च्या वर्ल्ड कपमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या चार विकेट लागोपाठच्या चार चेंडूंवर काढल्या. बुमराहचा आखूड, अडखळल्यासारखा रनअप आणि ताठ हात कुठल्या कोचिंगच्या पुस्तकात बसतो? उलट इंग्लंडच्या जेम्स अँडरसनची गोष्ट बघा. दुखापत टाळण्यासाठी म्हणून त्याची अ‍ॅक्शन बदलायला घेतली. २००६ मध्ये त्याच्या पाठीत स्ट्रेस फ्रॅक्चर (ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर) निघालं. तो जुन्या अ‍ॅक्शनवर परतला, चेंडू सोडताना डोकं खाली घालून जमिनीकडे बघायची खोड तशीच ठेवली, आणि ७०४ विकेट घेऊन कसोटीतून निवृत्त झाला.

पण याचा अर्थ ‘नैसर्गिक आहे, राहू दे’ असाही नाही. मी एक साधी परीक्षा लावतो: दमल्यावर ती गोष्ट तशीच राहते का? नेटच्या पहिल्या ओव्हरचा आणि शेवटच्या ओव्हरचा व्हिडिओ शेजारी शेजारी लावा. हात आडवा येतो आणि शेवटच्या ओव्हरलाही तेवढाच आडवा येतो, तर ती शैली. पहिल्या ओव्हरला डोकं चार बोटं झुकतं आणि शेवटच्या ओव्हरला वीतभर, तर ती खोड, शरीर कुठलीतरी कमतरता झाकतंय. शैलीला हात लावू नका. खोडीचं मूळ शोधा, कारण ते बहुधा दिसतं त्याच्या एक पायरी आधी असतं. डोकं झुकतं म्हणून डोकं सरळ करा सांगून काही होत नाही. पुढचा पाय घसरत असतो.

६. डोकं आणि पुढचा हात

मोबाइलवर स्लो-मोशन लावा. दोनच कोन पुरतात: अंपायरच्या मागून आणि बाजूने, स्क्वेअर लेगकडून. मोबाइल स्टंपवर किंवा बॅगेवर टेकवून ठेवा. हातात धरलेला व्हिडिओ कामाचा नाही, हलणाऱ्या चित्रात डोकं हललं की कॅमेरा, कोण सांगणार?

मागच्या कोनातून डाव्या हाताकडे बघा. तो वर जाऊन बॅट्समनच्या दिशेने खाली यायला हवा, कोपर बरगडीला घासून मागे. टेनिसवाल्यांचा डावा हात बहुधा वर जातच नाही, किंवा जाऊन लगेच डावीकडे फेकला जातो. तो गेला की डावा खांदा उघडतो, डोकं त्याच्या मागे जातं आणि चेंडू लेगला सुटतो.

यासाठी उभ्या जागेवरून टाका, रनअप नको. डाव्या हातात एक टेनिस बॉल धरा. उजव्या हाताने चेंडू सोडायच्या आधी डाव्या हाताने तो टेनिस बॉल समोरच्या स्टंपकडे खाली सोडायचा. तो कव्हरकडे उडाला तर हात बाजूला गेला, आणि हे बॉलरला स्वतःच दिसतं, कोचने ओरडायला नको. जमलं की तीन पावलांवरून, मग अर्ध्या रनअपवरून. नवी सवय पूर्ण रनअपवर लगेच उतरत नाही. मॅचच्या आठवड्यात तर हे सुरूच करू नका.

७. कंबर आणि खांदे

ही शेवटची आणि सगळ्यात अवघड तपासणी. मागचा पाय टेकतो त्या क्षणी व्हिडिओ थांबवा. खांदे आणि कंबर एकाच दिशेला आहेत का बघा. दोन्ही बाजूला वळलेले असतील तर साइड-ऑन, दोन्ही समोर असतील तर फ्रंट-ऑन. कपिल देव साइड-ऑन, वेस्ट इंडीजचा माल्कम मार्शल समोरून. दोन्ही पद्धती उत्तम, म्हणूनच ‘साइड-ऑन हो’ हा सरसकट सल्ला मला पटत नाही.

बिघाड तिसऱ्या प्रकारात आहे: कंबर समोर आणि खांदे बाजूला, किंवा मागचा पाय टेकल्यावर खांदे आणखी मागे वळतात आणि मग झटक्याने पुढे येतात. ओला कपडा पिळावा तशी पाठ पिळली जाते. यालाच मिक्स्ड अ‍ॅक्शन म्हणतात. खांद्यांचं हे मागे वळणं ३० अंशांपलीकडे गेलं की ती अ‍ॅक्शन मिश्र धरतात, आणि कमरेच्या मणक्यांच्या स्ट्रेस फ्रॅक्चरशी तिचा संबंध ऑस्ट्रेलियातल्या संशोधनात वारंवार दिसलाय.

आणि गंमत म्हणजे हा प्रकार बहुधा अर्धवट सल्ल्यातून जन्माला येतो. मुळात फ्रंट-ऑन असलेल्या पोराला कुणीतरी साइड-ऑन व्हायला सांगतो. तो खांदे वळवतो, कारण ते त्याला जमतं. पाय मात्र जुन्या दिशेलाच पडतात, कारण त्याबद्दल कुणी बोललेलंच नसतं. अशा वेळी दुरुस्ती म्हणजे त्याला त्याच्या मूळ फ्रंट-ऑनकडे परत नेणं. मागच्या पायाचा पंजा ज्या दिशेला पडतो तिकडेच खांदे. खांदे वळवायचे हट्टाने ठरवलंच असेल तर आधी मागचा पाय वळवा.

हे घरच्या घरी, बाबांनी किंवा मित्राने बघून करू नये. व्हिडिओत असं काही दिसलं तर तो व्हिडिओ घेऊन फास्ट बॉलिंग समजणाऱ्या कोचकडे जा. एकाच कोचकडे. दोन कोचच्या दोन सूचना एकाच मोसमात आल्या की पोराचा पाय एकाचा आणि खांदा दुसऱ्याचा होतो.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

कंबर. तेरा ते एकोणीस वयाच्या फास्ट बॉलरला कमरेत एका बाजूला दुखतंय, मागे वाकल्यावर किंवा चेंडू टाकताना वाढतंय, तर त्याच दिवशी बॉलिंग बंद. स्प्रे, पट्टा, पेनकिलर घेऊन पुढची मॅच नाही. स्पोर्ट्स मेडिसिनच्या किंवा हाडांच्या डॉक्टरकडे जा आणि मुलगा फास्ट बॉलर आहे हे आधी सांगा. सुरुवातीचं स्ट्रेस फ्रॅक्चर साध्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही, एमआरआय लागू शकतो. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून लगेच नेटवर पाठवू नका. बुमराहला २०१९ मध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, २०२२ चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप पाठीमुळे हुकला, मार्च २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तो ऑगस्टमध्ये परतला. त्याच्या दिमतीला फिजिओची फौज असते. तुमच्या पोराला तर शाळा सुटल्यावर क्लब, रविवारी टेनिसची टूर्नामेंट आणि वर कॉलनीच्या मॅच.

त्या ओव्हर कुणीच मोजत नाही, आणि मोजल्या पाहिजेत, टेनिसच्यासुद्धा. इंग्लंडच्या बोर्डाने बराच काळ तेरा वर्षांखालच्या फास्ट बॉलरला एका स्पेलमध्ये (सलग) ५ आणि दिवसाला १० ओव्हरची मर्यादा ठेवली होती. आपल्याकडे त्या वयाचं पोर नेटवरच तासभर टाकत असतं.

कोपर. कुणी ‘फेकतोय’ म्हणालं तर व्हिडिओ बघून भांडू नका. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये कोपर सरळ होण्याची मर्यादा १५ अंश आहे, आणि ते डोळ्यांनी किंवा मोबाइलने मोजता येत नाहीत. काहींचं कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नाही, काहींचं उलट बाजूला वाकतं, त्यांचा चेंडू बघणाऱ्याला फेकल्यासारखा वाटतो. प्रयोगशाळेत मोजावं लागतं. चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेत आयसीसीची मान्यता असलेली सोय आहे. तिथे जायची वेळ बहुतेकांवर येत नाही. आधी जिल्हा असोसिएशनच्या कोचला दाखवा.

खांदा. रात्री कुशीवर झोपता येत नसेल, किंवा हात डोक्यावर नेताना अडकत असेल, तर फिजिओ. ‘वॉर्म-अप झाला की बरं वाटतं’ हे बरं झाल्याचं लक्षण नाही.

डॉक्टरकडे किंवा कोचकडे जाताना मागच्या चार आठवड्यांच्या ओव्हर कागदावर लिहून न्या, टेनिस आणि सीझन वेगळ्या. मोबाइलमध्ये पहिल्या आणि शेवटच्या ओव्हरचे व्हिडिओ असू द्या, आणि रोजचे बूट पिशवीत घाला.